चुंबळीतला माइक

मी चौथीत असताना बाबांची बोट सुटली. बोट त्यांची नव्हतीच, ते दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होते. मालकाने ती विकली, नव्या मालकाने आपली माणसं आणली आणि बाबा घरी बसले. त्या वर्षी आईने एकटीने घर ओढलं. आमच्या अर्नाळ्यात किनाऱ्याला लागून मासे सुकवायची खळी आहेत. तिथे आडव्या बांबूंवर, ज्यांना आम्ही वलांडी म्हणतो, बोंबील जोडीजोडीने टांगतात, आणि खाली जमिनीवर जवळा नि करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, पसरतात. आई दुसऱ्यांच्या खळ्यात राबायची. मजुरी म्हणून कधी पैसे मिळायचे, कधी नुसता वाटा. सलग आठवडाभर जवळा आणि भात खाल्लेला मला आठवतो. आम्ही तक्रार केली नाही, कारण ती ऐकायला कोणाला वेळच नव्हता.

मग बाबांना सातिवलीच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका गाळ्यात काम मिळालं. पत्र्यावर ठोका मारून डब्यांची झाकणं काढणारी मशीन. एक ठोका संपला की दुसरा, दिवसभर. कानात घालायला कापूस, तोही घरून न्यायचा. पहिली दोन वर्षं बाबा म्हणायचे की कानात शिट्टी वाजते. मग शिट्टी बंद झाली आणि तिच्यासोबत बरंच काही बंद झालं. पुरुषाचा जाड आवाज त्यांना कळायचा; आईचा, माझा, बारीक आवाज निसटून जायचा. त्यामुळे आमच्या घरात सगळेच ओरडून बोलायचे. नवीन शेजारी आले की त्यांना वाटायचं, ह्यांची रोज भांडणं होतात. भांडण नसायचं. "मीठ द्या" एवढंच असायचं.

माझी शाळा खळ्यात झाली असं म्हटलं तरी चालेल. पुस्तक मांडीवर आणि कावळे हाकायची काठी हातात. दहावी झाली, बारावी झाली, आणि विरारच्या कॉलेजात मी मास मीडियाला नाव घातलं. आमच्या आळीत कोणाला ते काय असतं ते कळेना. शेजारची काकी म्हणाली, "म्हंजे बँकेत लागतात काय?" मी हो म्हटलं, समजावण्यापेक्षा ते सोपं होतं. तीन वर्षांनी पदवी घेतली. आमच्या दोन्ही घरांत, आईकडे आणि बाबांकडे, कॉलेजची पायरी चढलेलं माणूस नव्हतं. हे मी अभिमानाने सांगते आणि कोणी विचारलं नाही तरी सांगते.

पदवीनंतरचं वर्ष मात्र सातिवलीतच गेलं, बाबांच्या गाळ्यापासून चार गल्ल्या पुढे, एका गोदामाच्या ऑफिसात माल किती गेला किती आला ते कॉम्प्युटरवर भरत. काम वाईट नव्हतं. पण मला बातमीदार व्हायचं होतं. मी जमेल तिथे अर्ज पाठवत राहिले आणि शेवटी मुंबईच्या एका मराठी बातम्यांच्या वेबसाइटने बोलावलं.

तिथल्या संपादक मॅडम पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. मी त्यांना खळ्यातल्या बायकांवर केलेली एक गोष्ट दाखवली. फोनवर काढलेले फोटो आणि फोनवरच घेतलेलं आवाजाचं रेकॉर्डिंग. त्यांनी फोटो पाहिले, मान हलवली. मग आवाज लावला. पहिल्याच वाक्याला भस्स करून वारा आला आणि बाईचं बोलणं बुडालं. त्यांनी अर्ध्या मिनिटात बंद केलं.

त्या म्हणाल्या, "चित्र वाईट असलं तरी लोक बघतात गं. आवाज वाईट असला की बंद करतात. तुझी माणसं चांगली आहेत, पण ती मला ऐकूच येत नाहीयेत."

पुढचं त्यांनी सरळ सांगितलं. त्यांना जिल्ह्यातून आवाजाच्या गोष्टी करणारी एक व्यक्ती हवी होती. महिनाअखेरपर्यंत हीच गोष्ट पुन्हा करून आण, सात मिनिटांची, प्रत्येक शब्द कळला पाहिजे. कळला तर जागा तुझी. नाहीतर त्यांच्याकडे दुसरी दोन मुलं होती, मुंबईचीच, स्वतःची सगळी यंत्रं असलेली.

घरी येऊन मी आईला सांगितलं की नीट रेकॉर्डिंग करायचं यंत्र घ्यावं लागेल. आईची भिशी त्याच महिन्यात लागली होती आणि त्यातून स्वयंपाकघरावरचे पत्रे बदलायचे होते. ती म्हणाली, पत्रे अजून एक पावसाळा काढतील, तू घे. म्हणजे घ्यायचं ते एकदाच होतं. चुकलं तर दुसरं घ्यायला काही नव्हतं, आणि महिनाही थांबणार नव्हता.

मग मी वाचायला बसले. इंटरनेटवर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. एक म्हणतो गन माइक घ्या, दुसरा म्हणतो गन माइक घेऊच नका. चार दिवसांत माझ्या वहीची आठ पानं भरली आणि डोकं त्याहून जास्त. शेवटी मी वही मिटली आणि जवळच्या वटार गावाला गेले.

वटारला केळीच्या वाडीत एक लग्नांचं शूटिंग करणारे अंकल राहतात. आमच्या कॉलेजच्या एका कार्यक्रमाला ते आले होते, तेवढीच ओळख. वीस वर्षं लग्नं, बारशी आणि देवळातल्या मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थना, शूट करतात. घराच्या मागच्या खोलीत केबलींची वेटोळी मुळ्यांच्या जुड्यांसारखी टांगलेली. मी माझी वही पुढे केली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"पोरी, चप्पल घेताना वाचून घेतेस का घालून बघून?"

मी म्हटलं, घालून.

"मग हेही घालून बघ," ते म्हणाले. त्यांनी मला तीन चीजा वापरायला दिल्या, एक एक करून. भाडं घेतलं नाही. बदल्यात दोन लग्नांत लाइट धरायला यायचं ठरलं. एक गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा बजावली, की रेकॉर्डिंग करताना कान झाकणारे मोठे हेडफोन घालूनच करायचं. डोळ्यांनी बघून आवाज कळत नाही. ते वाक्य मी वहीच्या नवव्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

पहिला होता हातात धरायचा साधा माइक, छोट्या रेकॉर्डरला जोडलेला. अंकलच्या मते दणकट आणि वाऱ्याला सगळ्यात कमी घाबरणारा. मी सकाळी सातला खळ्यात गेले. आई आणि काकी वलांडीवर बोंबील टाकत होत्या, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी टांगायची. हात इतके भराभर चालतात की बघणाऱ्याला नुसतं पाणी उडताना दिसतं. तोंडंही तशीच चालतात. मला तेच बोलणं हवं होतं.

मी माइक काकीपुढे धरला. काकीने हात धुतले. पदराला पुसले. माइक माझ्या हातातून घेतला, त्याच्या डोक्यावर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाली, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग."

चूक तिची नव्हती. आमच्याकडे माइक बघितलेला कुठे, तर हळदीच्या मांडवात. तिथे माइक हातात आला की माणूस घोषणा करतो. काकीने गळा साफ केला आणि सर्व ग्रामस्थांना नमस्कार सांगून, आलेल्या पाहुण्यांनी जेवल्याशिवाय जाऊ नये अशी विनंती केली. मी म्हटलं, काकी, नेहमीसारखं बोल. तिने माइक आईकडे दिला. आईने माइक तोंडाजवळ नेला, सरळ उभी राहिली आणि शाळेतल्या मुलीसारखी म्हणाली, "आम्ही मासे सुकवण्याचा व्यवसाय करतो. हा व्यवसाय पाण्यावर अवलंबून आहे." आयुष्यात आईने पानीला पाणी म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आवाज अगदी स्वच्छ आला होता. फक्त त्यात माझी आई कुठेच नव्हती.

रविवारी बाबांना सुट्टी. ते ओट्यावर बसले होते, हेडफोन टेबलावर होते. काय मनात आलं माहीत नाही, मी ते त्यांच्या कानावर चढवले आणि आवाज वाढवला. ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग विचारलं, "कोनाची हळद हाय?"

मी जागच्या जागी उभी राहिले. त्यांना काकीचा आवाज कळला होता. काकीचा, बारीक आवाज. मी दुसऱ्यांदा लावलं, शब्द विचारले, त्यांनी जवळजवळ सगळे सांगितले. नंतर मी फोनवरचं जुनं रेकॉर्डिंग लावलं, जे मॅडमनी बंद केलं होतं. बाबांनी मान हलवली, "नुसता वारा."

त्या दिवशी मला माझी मोजपट्टी मिळाली. ज्या रेकॉर्डिंगमधलं बोलणं बाबांना कळेल, ते जगात कोणालाही कळेल. इंटरनेटवर असली परीक्षा कुणी सांगत नाही. मी बाबांना हे समजावलं तेव्हा ते जरा चमकले, आणि मग त्यांनी लगेच कामच हातात घेतलं. दर वेळी ऐकायच्या आधी ओट्यावर पाय आवरून बसायचे, डोळे मिटायचे, आणि कोणी आजूबाजूला फिरकलं तर हाताने थांबवायचे, जणू गाळ्याचे साहेबच आलेत.

दुसरा होता गन माइक. लांब नळीसारखा. तो काठीवर लावून लांबूनच बोलणाऱ्याकडे रोखायचा, म्हणजे माणूस बुजत नाही. वाऱ्यासाठी त्यावर केसाळ टोपी असते. अंकलच्या टोपीचा रंग काळा होता आणि बरीच वर्षं वापरून तिचे केस एकीकडे वाकले होते. मला तर तो माइक बघताक्षणी आवडला. बातमीदार असावं तर असं, असं वाटलं. हेही खरं सांगायला हवं की मी घरातून निघताना आरशात बघितलं होतं.

मी खळ्यात गेले, काठी उंच धरली आणि माइक वलांडीवरून आई-काकींच्या डोक्यावर आणला. त्यांनी एकदा वर बघितलं आणि कामाला लागल्या. बोलायलाही लागल्या. काकीच्या सुनेच्या भावाचं लग्न ठरत होतं, त्यातली सगळी आतली माहिती येऊ लागली. मी हेडफोनमध्ये ऐकत होते आणि मनात म्हणत होते, जमलं.

मग एक कावळा आला. वलांडीच्या टोकावर बसला आणि माइककडे बघून ओरडला. दुसरा आला. पाच आले. मग किती आले ते मोजायचं राहिलंच, कारण आभाळ काळं झालं आणि माझ्या कानातल्या हेडफोनमध्ये गाव उठल्यासारखी काव काव सुरू झाली.

आता हे मला कळायला हवं होतं. लहानपणापासून मी त्याच खळ्यात कावळे हाकले होते. आमच्याकडे जवळा राखायचा जुना उपाय म्हणजे मेलेला कावळा काठीला उलटा टांगायचा. तो नाही मिळाला तर काळ्या पिशवीचं बोचकं. टांगला की गावातले सगळे कावळे जमतात, अर्धा तास आकांत करतात आणि मग दिवसभर त्या खळ्याकडे फिरकत नाहीत. आणि मी, ह्याच खळ्यात वाढलेली, पदवी घेतलेली बाई, काळं केसाळ बोचकं काठीवर बांधून बरोबर जवळ्यावर धरून उभी होते.

काकी इतकी हसली की खाली बसली. आईने तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते. शेजारच्या खळ्यातल्या बायका बघायला आल्या. कावळे अर्ध्या तासाने उडून गेले आणि खरंच संध्याकाळपर्यंत एकही आला नाही. मी काठी खांद्यावर टाकून निघाले तेव्हा काकी मागून म्हणाली, "बाय, उद्या पन आन गं हा. जवळा चांगला राहिला."

बाबांनी ऐकलं आणि डोळे मिटूनच निकाल दिला, "कावळे. पन कावळे चांगले आलेत."

अंकलना सांगितलं तर ते म्हणाले, वीस वर्षांत लग्नात कावळे आले नाहीत, तुझ्याकडे बरे आले. मग त्यांनी ड्रॉवरमधून तिसरी चीज काढली. कॉलर माइक. शेंगदाण्याएवढा, बारीक वायरीवर. ते देवळात फादरच्या झग्याला लावतात आणि बारशांत बाळाच्या आजीच्या साडीला. माणूस पाच मिनिटांत विसरतो की तो लावलेला आहे. वायर नको असेल तर बिनवायरचाही मिळतो, आणि तरुण पोरं तोच घेतात, दिसायला बरा. पण अंकलचं म्हणणं, खाऱ्या हवेत आणि ओल्या हातांत जितके सुटे भाग कमी तितकं बरं. रेकॉर्डर कमरेच्या पिशवीत ठेवायचा, वायर सरळ त्यात.

मी खूश होऊन आईच्या पदराला माइक लावला. आई वाकली, उठली, पदर खोचला, आणि हेडफोनमध्ये कापड फाटल्यासारखा आवाज. ब्लाउजच्या गळ्याला लावला, तर बांगड्या वर येताना माइकवर आपटायच्या. बांगड्या काढ म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि मी म्हटलं असतं तरी तिने काढल्या नसत्या. समोरून वारा, खालून बांगड्या, मधून पदर. दोन सकाळी अशा गेल्या. महिन्याचे तेरा दिवस उरले होते. मी सातिवलीच्या ऑफिसात बसून माल किती आला ते भरताना विचार करायचे की हेच भरत आयुष्य जाणार आहे का.

तिसऱ्या सकाळी बोट लागली होती. आई ओल्या बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन किनाऱ्यावरून खळ्याकडे येत होती. मी वायर हातात घेऊन कुठे लावू, कुठे लावू करत तिच्या मागे. पाटीखाली बायका कापडाची गोल चुंबळ ठेवतात, ओझं डोक्याला टोचू नये म्हणून. काकी आपल्या चुंबळीत मशेरीची डबी खोचते. नेहमी खोचते. त्या दिवशी ती डबी काढत होती आणि मला म्हणाली, "काय गं नाचतेस मागंमागं? दे इथं."

तिने माइक माझ्या हातातून घेतला आणि आईच्या चुंबळीच्या पुढच्या घडीत, कपाळाच्या वर, आपल्या डबीसारखा खोचला. वायर आईच्या अंबाड्याखालून पाठीवर सोडली.

मी हेडफोन घातले. आईचा श्वास आला. पाटीची बारीक करकर, तिच्या पायाखालची वाळू, मागे दर्या, जितका हवा तितकाच. वाऱ्याचा भस्सकारा नाही, कारण कापडाची घडी होती. पदराची खसखस नाही, कारण डोक्यावर पदर नव्हता. बांगड्या होत्या, पण लांब, जिथे असायला हव्यात तिथे. आणि आई बोलली, "काय गं, लागला का तुझा तो दाना?" तर ते माझ्या कानात असं आलं जसं लहानपणी ती मला कुशीत घेऊन बोलायची, ओरडायची गरज पडायच्या आधी.

पाटी उतरवल्यावरही आईने चुंबळ डोक्यावर तशीच ठेवली, काम करताना पुष्कळ बायका ठेवतात. पाच मिनिटांत ती माइक विसरली. मी वलांडीच्या पलीकडे जाऊन बसले. पाऊण तास ती आणि काकी बोलल्या. बोंबील, सून, उन्हाचा ताप, वरच्या आळीतली कोण कोणाशी बोलत नाही, सगळं. आणि मध्ये एकदा बाबांचा विषय निघाला.

त्या रविवारी बाबा नेहमीसारखे ओट्यावर बसले. डोळे मिटले. मी आवाज लावला. आई घरात भात घालत होती. बाबा आधी नुसते ऐकत होते, मग ओठ हलवून शब्द मोजल्यासारखे पुढे बोलू लागले. एके ठिकाणी ते थांबले. हसू आलं. त्यांनी हेडफोन न काढताच आत हाक मारली, त्यामुळे सगळ्या आळीला ऐकू गेलं:

"अगं ए! मी कानाने गेलो म्हनून बरा हाय, नाय तर तुझं बोलनं ऐकून दर्यात उडी घेतली असती, असं बोलतेस तू काकीला?"

आई पळी घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा बघण्यासारखा होता. "तुमाला कोनी सांगितला?"

"तूच सांगितलास," बाबा म्हणाले. "इथं, कानात."

आई माझ्याकडे बघायला लागली. मग बाबांकडे. मग ती हसली आणि पायरीवर बसली. बाबांनी मला पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा लावलं. आणि एकदा. त्यातलं पुढचं वाक्य असं होतं की मशीनने कान नेले पण पोरीची फी कधी चुकली नाही, कापूस घालून जायचा पण जायचा. ते बाबांनी कितीदा ऐकलं ते मी मोजलं नाही. आठ-नऊ वर्षांत त्यांनी आईचं साधं, न ओरडलेलं बोलणं ऐकलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ते खूश होते. रेकॉर्डिंग संपलं तेव्हा आईला म्हणाले, अजून काय काय बोलतेस ते पण लाव म्हणावं हिला.

माझ्यापुढे मात्र प्रश्न होता. तो तुकडा गोष्टीचा प्राण होता, आणि तो घरचा होता. मी दोघांना विचारलं, हे मुंबईला पाठवू का, सगळे ऐकतील. आई म्हणाली, खोटं थोडंच बोलले, ठेव. बाबांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "पाठव. सातिवलीत पन ऐकू दे कोनीतरी."

माइक कुठला हे ठरलं होतं. आता रेकॉर्डर विकत घ्यायचा होता, कारण अंकलना त्यांचं सामान लग्नाला हवं होतं. मी बाबांना घेऊन मुंबईला इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. दुकानातला विक्रेता आधी बाबांशीच बोलत होता. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा त्याने मला सगळ्यात मोठं, चार माइक लागणारं यंत्र दाखवलं. मी म्हटलं, मला दोन माइकचं पुरे. मी दोन वेगवेगळे छोटे रेकॉर्डर बघायला मागितले, अंकलचा माइक लावून बाहेर फुटपाथवर गेले, गर्दीत उभं राहून दोन्हींवर तीच चार वाक्यं बोलले आणि परत येऊन हेडफोन बाबांच्या कानावर ठेवले.

विक्रेता म्हणाला, "ताई, काकांना कमी ऐकू येतं म्हणालात ना? मग त्यांनाच काय ऐकवता?"

"म्हणूनच ऐकवते," मी म्हटलं.

बाबांनी दोन्ही ऐकले. आवाजात फार फरक नव्हता, त्यांनी सांगितलं. मग यंत्रं हातात घेतली आणि गाळ्यातल्या माणसासारखी तपासली. वायर जिथे घुसते ते भोक हलवून पाहिलं. सेलचं झाकण चार वेळा उघडलं, बंद केलं. एकाच्या झाकणाची बिजागरी प्लास्टिकची, पातळ. "हे वर्षभरात तुटनार," ते म्हणाले. दुसऱ्यात साधे सेल लागायचे, जे अर्नाळ्याच्या कुठल्याही वाणसामानाच्या दुकानात मिळतात. आम्ही तोच घेतला, सोबत एक कॉलर माइक आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन. विक्रेत्याने केसाळ टोपी हवी का विचारलं. मी नको म्हटलं. का ते सांगितलं नाही, गाडी पकडायची होती.

नवा रेकॉर्डर चुंबळीत... म्हणजे माइक चुंबळीत आणि रेकॉर्डर कमरेला, असं मी आणखी चार सकाळी रेकॉर्डिंग केलं. काकीलाही लावला. तिने आधी मशेरीची डबी कुठे ठेवू म्हणून वाद घातला, मग डबी कमरेला आणि माइक डोक्यावर अशी तडजोड झाली. तिच्या रेकॉर्डिंगमध्ये दोनदा माइकवरच टिचक्या आहेत, सवय म्हणून. सात मिनिटं कापून काढायला मला तीन दिवस लागले. प्रत्येक तुकडा आधी बाबांनी ऐकला. जिथे त्यांनी "काय?" म्हटलं तो मी टाकला, कितीही आवडता असला तरी. महिना संपायला दोन दिवस असताना पाठवून दिलं.

मॅडमचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मी सातिवलीच्या ऑफिसात होते. त्यांनी आधी विचारलं की हे कोणत्या स्टुडिओत साफ करून घेतलं. मी म्हटलं, कुठेच नाही. मग माइक कुठे लावला होता ते विचारलं. मी सांगितलं. त्यांना चुंबळ म्हणजे काय ते माहीत नव्हतं, मला सांगताना मजा आली. त्यांनी तो शब्द लिहून घेतला. मग म्हणाल्या, "एक शब्दही निसटला नाही. एक तारखेला ये. आणि येताना ते यंत्र घेऊन ये, बाकीच्यांना दाखव."

मी एक तारखेला रुजू झाले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि आता पालघर जिल्ह्यातून आवाजाच्या गोष्टी करणारी पगारी बातमीदार आहे.